‘पुसू नये’ लिहिलेला फळा

मित्रांनो, तुमच्या वर्गात आता माझ्या जातीचा कोणी उरला नसेल. तुमचा फळा पांढराशुभ्र असतो, त्यावर चित्रे हलतात, आणि बटण दाबले की सगळे नाहीसे होते. मी तसला नाही. मी एक जुना, लाकडी, काळा फळा आहे. नाशिकच्या पंडित कॉलनीतल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभा असतो. हॉल आठवड्यातले सहा दिवस बंद असतो, आणि सध्या तर सातही. खिडकीतून कबुतरे डोकावतात, पण ती काही वाचत नाहीत. बोलायला कोणी नाही म्हणून तुम्हाला हाक मारली. माझ्या हातून एक चूक घडली होती. ती कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म जुन्या नाशकात, चिमाजी सुतारांच्या हातून झाला. सागाच्या चार फळ्या जोडून त्यांनी मला घडवले. त्यातल्या एका फळीत गाठ होती. ती उजवीकडे, वरच्या बाजूला आली. चिमाजींनी ती तासून काढायचा बराच प्रयत्न केला आणि शेवटी ‘असू दे, एवढीशी खोट सगळ्यातच असते’ म्हणून वर काळा रंग फासला. तेव्हापासून माझ्यावर कोणी रेघ ओढली की त्या जागी खडू अडखळतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. कितीही रंग चढवा, गाठ काही जात नाही. ही गाठ लक्षात ठेवा.

मग मी एका शाळेत गेलो. शाळेचे नाव सांगत नाही. चांगली शाळा होती, अजूनही आहे. सातवी ‘ब’च्या भिंतीवर मला टांगले आणि माझे दिवस सुरू झाले. रोज सकाळी शाळेचे शिपाई सावळीरामकाका ओल्या फडक्याने माझे तोंड पुसत. काका पेठ तालुक्याकडचे. डोंगरातून आलेले, अंगाने काटक आणि कामाला चोख. पुसून झाले की ते कोपऱ्यात वार, तारीख, पट आणि हजर लिहीत. पट म्हणजे वर्गात एकूण मुले किती आणि हजर म्हणजे आज आली किती. पट बेचाळीस, हजर एकोणचाळीस, असे. त्यांचे अक्षर मुलांपेक्षा वाईट होते, पण तारीख कधी चुकली नाही.

मित्रांनो, फळ्याचा जन्म तसा कष्टाचा. दिवसभर लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी कोरे व्हायचे. भूमिती, मराठीच्या कविता, सनावळ्या, सगळे माझ्या अंगावरून गेले आणि अंगावर काहीच राहिले नाही. मुले म्हणत, “फळ्याची चंगळ आहे, त्याला पाठ करावं लागत नाही.” त्यांना काय ठाऊक, मी एकही अक्षर विसरलेलो नाही. पण हे लक्षात ठेवणे कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुकही कोणी करत नाही. कधीमधी एखादे गुरुजी काही महत्त्वाचे लिहीत, भोवती चौकट आखत आणि खाली लिहीत, ‘पुसू नये’. परीक्षेचे वेळापत्रक, सहलीची तारीख, असे काही. ती चौकट अंगावर असली की मी छाती फुगवून उभा राहायचो. आजचा मजकूर उद्याही माझ्याजवळ राहणार, याचे मला फार अप्रूप होते. माझी चूक ह्या हौसेतूनच झाली.

त्या वर्षी वर्गात उत्तरा नावाची मुलगी होती. त्र्यंबकेश्वरची. तिचे वडील, ढुंढिराजगुरुजी, तिथे यात्रेकरूंच्या पूजा सांगत. शाळेसाठी ती नाशकात मावशीकडे राहायची. गणितात तिचा हात कोणी धरत नसे. बाई विचारत, “कोण सोडवतंय?” आणि ही सगळ्यांच्या आधी उठे. खडू गाठीवर अडला की ती हसून म्हणे, “ह्याला ठेच लागली.” माझ्या ठेचेची अशी चौकशी करणारी ती एकटीच. मला ती फार आवडायची.

फेब्रुवारी महिना होता. शाळेत आरोग्य तपासणी झाली. वजनकाटा आला, मुले रांगेत उभी राहिली. वजने ज्या कार्डांवर भरायची ती कार्डे आलीच नव्हती. खेळाच्या सरांना त्याच आठवड्यात कबड्डीसाठी वजनानुसार गट पाडायचे होते. त्यांनी सोय पाहिली. सगळ्यांची नावे आणि वजने त्यांनी माझ्यावर लिहून काढली, सर्वांत जास्त वजन वर आणि सर्वांत कमी खाली. भोवती चौकट आखली, ‘पुसू नये’ लिहिले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना जनगणनेच्या कामाला पाठवले गेले. सर वाईट नव्हते. त्यांना वाटले, कार्डे आली की उतरवून घेऊ.

यादीत पहिले नाव उत्तराचे होते. नावापुढचा आकडा बरोबर गाठीवर आला. तो आकडा मी तुम्हाला सांगणार नाही, विचारूही नका.

ती यादी कार्डे येईपर्यंत, पुरे आठ दिवस, माझ्या अंगावर राहिली. बाकीच्या बाई आणि गुरुजी उरलेल्या अर्ध्या भागात शिकवत राहिले. सावळीरामकाका रोज सकाळी चौकटीच्या कडेकडेने फडके फिरवत. आत एक थेंब जाऊ देत नसत. ‘पुसू नये’ लिहिले आहे ना, मग पुसायचे नाही. आज्ञा पाळण्यात त्यांची शाळेत ख्याती होती. आणि मी? मी ऐटीत होतो, मित्रांनो. आठ दिवस काहीतरी माझ्याजवळ टिकले होते. ती रोज खाली मान घालून बसते आहे, हे मला दिसत होते. पण का, हे कळायला मला वेळ लागला.

मुले म्हणू लागली, “इथंही हिचाच पहिला नंबर.” चिडवण्यात तसा फार विखार नव्हता. डब्यातले पोहे संपायच्या आत मुले विसरून जात. ती विसरत नव्हती. आठवडाभर तिने एकदाही हात वर केला नाही. बाईंनी नाव घेऊन बोलावले, तर म्हणाली, “येत नाही.” येत होते तिला. माझ्यासमोर, त्या यादीशेजारी, पाठमोरे उभे राहायचे नव्हते.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत एक नवीन गोष्ट सुरू झाली. सगळे मैदानावर पळाले की उत्तरा आपला डबा सावळीरामकाकांपुढे ठेवायची आणि म्हणायची, “काका, तुम्ही खा. मला भूक नाही.” काका आधी नको नको म्हणाले. मग पोळी, भाजी, कधी शिऱ्याची वाटी असे पाहून बसून खाऊ लागले. डबा घासून पुसून परत देत. ऑफिसात सगळ्यांना सांगत की असे दिलदार पोर उभ्या शाळेत नाही. वर्ष संपेपर्यंत हे चालले. काकांना वाटे, पोरीचा जीव मोठा आहे. मला खरे काय ते दिसत होते, पण फळ्याला तोंड कुठे असते?

पुढच्या इयत्तेत ती दुसऱ्या वर्गात गेली. मुले जातात, नवी येतात. वर्षे गेली आणि एका सुट्टीत शाळेत नवे फळे आले, तुमच्या वर्गातल्यासारखे, विजेवर चालणारे. मला खिळ्यावरून उतरवले आणि जिन्याखालच्या खोलीत मोडक्या बाकांमागे ठेवले. तिथे मी किती दिवस होतो, मला सांगता येत नाही. वार आणि तारीख लिहायला कोणी येत नव्हते ना. पाली माझ्या पाठीवर अंडी घालत. भिंतीपलीकडून प्रार्थना ऐकू आली की सकाळ झाली असे समजायचे. आपली कोणाला गरज नाही, हे कळायला अंधारात फार वेळ मिळतो.

सावळीरामकाका निवृत्त झाले तेव्हा भंगारवाला आला होता. काकांनी मला त्याच्या हातगाडीवर चढताना पाहिले आणि म्हणाले, “ह्याला ऱ्हाऊ दे. ह्याचं तोंड मी लय वर्षं धुतलंय.” त्यांनी मला आपल्याबरोबर आणले. पुढे त्यांना ह्या पंडित कॉलनीतल्या इमारतीत देखरेखीचे काम मिळाले आणि मीही इथे आलो.

पहिल्या मजल्यावर आभा मॅडमचे समुपदेशन केंद्र आहे. मन थकलेल्या, मनात गुंता झालेल्या माणसांशी त्या बोलतात. त्यांच्या हॉलमध्ये आधी एक पांढरा बोर्ड होता, पण त्याची पेने दर वेळी ऐनवेळी वाळत. काकांनी मला पुढे केले. मॅडम म्हणाल्या, “खडूची धूळ चालेल, पण लिहिताना थांबायला नको.” आणि माझी पुन्हा नेमणूक झाली.

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता इथे सहा माणसे गोल बसू लागली. सहाही जणांना एकच आजार होता. त्याला बुलिमिया म्हणतात. तुम्ही लहान आहात, तरी सांगतो, कारण तो तुमच्यापेक्षा फार मोठ्या नसलेल्या मुलांनाही होतो. ह्यात माणूस आधी स्वतःला उपाशी ठेवतो. मग भूक इतकी अनावर होते की एकटे असताना, कोणाला न दिसता, तो खातच सुटतो. मग त्याला भीती आणि लाज वाटते आणि खाल्लेले तो कसेही करून शरीराबाहेर घालवू पाहतो. शरीराचे त्यात फार हाल होतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हे कोणालाही सांगता येत नाही. घरात दहा माणसे असली तरी हा आजार माणसाला एकटे पाडतो.

पहिल्या शनिवारी आभा मॅडमनी माझ्यावर एक मोठे वर्तुळ काढले. त्यावर क्रमाने लिहिले: कडक नियम, भूक, खाणे, लाज, पुन्हा कडक नियम. मग म्हणाल्या, “ह्यात तुम्ही वाईट कुठे आहात, मला दाखवा. मला तर फक्त भूक लागलेली माणसं दिसतात.” खुर्च्या थोड्या पुढे सरकल्या. त्यांनी वर्तुळाभोवती चौकट आखली आणि खाली लिहिले, ‘पुसू नये’. माझ्या अंगावर काटा आला. त्या दोन शब्दांची मला तेव्हा भीती वाटू लागली होती.

गटाचे नियम सोपे होते. रोज ठरलेल्या वेळी जेवायचे, मधल्या वेळीही थोडे खायचे, भूक असो वा नसो. काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय आले ते वहीत लिहायचे. मनात आलेली प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही, म्हणून ती सगळ्यांनी मिळून तपासायची. इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. आणि ह्या हॉलमध्ये कोणी कसलाही आकडा उच्चारायचा नाही. वजनाचा नाही, कपड्यांच्या मापाचा नाही. सावळीरामकाकांनी मात्र सवयीप्रमाणे कोपऱ्यात ‘पट सहा, हजर सहा’ लिहून ठेवले होते. मॅडम हसल्या आणि एवढा आकडा त्यांनी चालवून घेतला.

सहांमध्ये घोटीची मीना होती. तिच्या वडिलांची भाताची गिरणी. ती नर्सिंग शिकत होती आणि दर शनिवारी बसने यायची. देवळ्याचा मयूर होता, पोलीस भरतीची तयारी करणारा दणकट गडी. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “हा पोरींचा आजार आहे असं वाटायचं मला. डॉक्टरलाबी सांगितलं नव्हतं.” आणखी चौघे होते. त्यातली एक पाठ माझ्याकडे करून, दारापाशी बसली होती. सत्तावीस वर्षांची असेल. मॅडमनी नाव विचारले तेव्हा ती म्हणाली, “उत्तरा.”

मित्रांनो, मी तिला आवाजावरून ओळखले. तिने मला ओळखले नाही. माझ्या लाकडी कडांना नवा रंग होता, आणि खोलीतला फळा कोण निरखून पाहतो? काकांनीही तिला ओळखले नाही. चहा देऊन ते खाली जात, आणि तीही मान वर करून पाहत नसे. सातवीतली दोन वेण्यांची पोर आणि ही बाई, त्यांना कसा मेळ लागावा?

हळूहळू ती बोलू लागली. तिच्या घरी उपासांना तोटा नव्हता. सोमवार, चतुर्थी, एकादशी. सातवीनंतर तिने एकेक करून सगळे धरले. आई सगळ्यांना सांगे, पोरगी किती श्रद्धाळू आहे. उपाशी राहायला तिला कधी खोटे बोलावेच लागले नाही, उलट नमस्कार मिळाले. रात्र पडली की फडताळात प्रसादाचे पेढे असत आणि पुढचे सगळे त्या वर्तुळासारखे. तिला वाटे, मी देवालाही फसवते आहे. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. आता पाच माणसांनी ते ऐकले आणि कोणी उठून गेले नाही.

सहाव्या शनिवारी मॅडमनी प्रत्येकाला आपले वर्तुळ स्वतः काढायला सांगितले. उत्तराची पाळी आली. ती उठली, खडू घेतला, वरून गोल ओढायला सुरुवात केली. खडू उजवीकडे आला आणि गाठीवर अडला. टक्.

तिचा हात तिथेच थांबला. तिने बोटाने ती जागा चाचपली. मग मागे वाकून माझ्या पाठीवर पाहिले. तिथे पांढऱ्या तेलरंगात ‘सातवी ब’ अजून आहे. तिने खडू खाली ठेवला आणि पर्स उचलून जिना उतरून गेली. तिने काढलेली अर्धी रेघ माझ्यावर तशीच राहिली.

पुढच्या शनिवारी काकांनी लिहिले, ‘पट सहा, हजर पाच’. त्याच्या पुढच्या शनिवारीही पाचच. जिन्याखाली होतो तेव्हाही मला इतके एकटे वाटले नव्हते. तिथे निदान माझ्यामुळे कोणी निघून गेले नव्हते. जी मुलगी माझ्या ठेचेची चौकशी करायची, ती बरी व्हायला आली होती आणि तिला मीच आडवा आलो होतो. मॅडमनी फोन केला तेव्हा तिने एवढेच सांगितले की त्या फळ्यासमोर मला बसवत नाही, आणि खाणेही सगळे पुन्हा बिघडले आहे. मॅडमनी काकांकडून मला भिंतीकडे तोंड करून ठेवून घेतले. शाळेत चुकलेल्या मुलांना असेच उभे करत. मी काही तक्रार केली नाही.

तिसऱ्या शनिवारी जिन्यावर तिची पावले वाजली. मला फक्त चुन्याची भिंत दिसत होती, पण मी ऐकत होतो. तिने गटाला सगळे सांगितले. यादी, चौकट, आठ दिवस, पहिला नंबर. शेवटी म्हणाली, “बेचाळीस जणांना तो आकडा अजून आठवत असेल. मी रस्त्यात कुणी वर्गातलं दिसलं तर पलीकडे जाते. त्यांना तोच दिसत असेल माझ्या तोंडावर.”

मग मीना म्हणाली, “तुला कसं माहीत? तू विचारलंस कधी?”

आभा मॅडमनी तोच धागा पकडला. हे मनात आलेले आहे, आपण ते तपासू या, म्हणाल्या. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट होताच. उत्तराने त्यातल्या सहा जणांना एकच प्रश्न विचारायचा: त्या वजनाच्या यादीतले तुला काय आठवते? आपले नाव काढायचे नाही. तिचा अंदाज आधी लिहून ठेवायचा. मॅडमनी विचारले, कशावर लिहू, कागदावर? उत्तरा म्हणाली, “फळ्यावरच लिहा. फिरवा त्याला.” काकांना खालून बोलावून मला सरळ करून घेतले. मॅडमनी लिहिले, ‘सगळ्यांना आठवत असेल.’ मला पुन्हा माणसे दिसली. तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळे आले होते. पण ती माझ्याकडे पाहत होती.

आठ दिवसांनी ती मोबाईल घेऊन आली आणि उत्तरे वाचून दाखवली. दोघांना यादीच आठवत नव्हती. एकीला वाटत होते की ती निबंधाच्या गुणांची यादी होती. उरलेल्या तिघांना यादी पक्की आठवत होती, पण प्रत्येकाला एकच आकडा आठवत होता, स्वतःचा. त्यातला एक मुलगा यादीत अगदी तळाशी होता. त्याने लिहिले होते, ‘मला सगळे काडी म्हणायचे. कबड्डीत घ्यावं म्हणून मी पोट दुखेपर्यंत पाणी प्यायचो. तुला आठवतं का माझं वजन?’

“आठवतं?” मयूरने विचारले.

“नाही,” उत्तरा म्हणाली. “तो यादीत होता हेच मला आठवत नव्हतं.” आणि ती रडू लागली. मीनाने तिचा हात धरला. मयूर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच वेळी सावळीरामकाका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. बोलणे त्यांच्या कानावर पडले होते. ट्रे टेबलावर ठेवताना चहा बशीत सांडला. उत्तराकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिले. म्हणाले, “म्हंजी तू ती डब्याची पोर का?”

ती म्हणाली, “हो काका.”

काका खाली गेले. त्या संध्याकाळी हॉलला कुलूप लावायला आले तेव्हा ते माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हातारा माणूस, स्वतःशीच बोलत होता. “तिचं मी खाल्लं. साल सरेपर्यंत खाल्लं. आन् म्हनत ऱ्हायलो, दिलदार पोर.” मला वाटले, सांगावे, काका, मीही ऐटीत उभा होतो. आपण दोघेही एकाच चौकटीत सापडलो होतो. पण बोलणार कसा?

पुढच्या शनिवारी गटाचे एक कठीण काम होते. ज्या पदार्थाची भीती वाटते तो प्रत्येकाने आणायचा, सगळ्यांनी मिळून बसून खायचा आणि त्यानंतर तासभर कोणी उठायचे नाही. गप्पा मारायच्या, भेंड्या खेळायच्या, पण बसायचे. मीनाने गिरणीतल्या नव्या तांदळाचा भात आणला. मयूरने मिसळ आणली, पाव आणि वरून जिलेबी. उत्तरा रिकाम्या हाताने आली. काय आणावे तेच ठरेना, म्हणाली, मला सगळ्याचीच भीती वाटते.

तेवढ्यात काका वर आले. हातात स्टीलचा डबा. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला. आत नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाच्या डाळीचे घट्ट भुजे आणि खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी होती. म्हणाले, “आमच्या पेठकडं कुनाचा डबा रिकामा परत करत नाय. मी तुझा लय दिवस रिकामाच दिला. उशीर झाला, पर हा घे.”

उत्तराने झाकणाकडे पाहिले. कोणीही ‘खा, खा’ म्हटले नाही, हे मला फार बरे वाटले. तिने भाकरीचा तुकडा मोडला, अर्धी भाकरी काकांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “दोघं खाऊ.” तिने सावकाश खाल्ले. तिच्या कपाळावर घाम आला होता. नंतरचा तास फार लांबला. ती दोनदा दाराकडे पाहून पुन्हा बसली. दुसऱ्यांदा मयूर म्हणाला, “बस गं. मलाबी पळावंसं वाटतंय.” आणि ती हसली. साडेसहाला सगळे एकदमच उठले.

मित्रांनो, ह्यानंतर सगळे छान झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. बाराव्या आठवड्यात तिचा एक दिवस फार वाईट गेला. तिने तो वहीत लिहिला आणि गटात वाचून दाखवला. पूर्वी अशा दिवसानंतर ती आठवडाभर उपाशी राहायची. ह्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरल्याप्रमाणे नाश्ता केला. मॅडम म्हणाल्या, ह्यालाच बरे होणे म्हणतात. एकादशीला जेवायला बसली तेव्हा आईने भुवया उंचावल्या होत्या. ढुंढिराजगुरुजींनी स्वतःच्या ताटातला भात तिच्या ताटात वाढला आणि विषय मिटवला. हे सांगताना ती लहान मुलीसारखी दिसत होती.

विसावा शनिवार शेवटचा होता. सगळ्यांनी एकमेकांचे नंबर घेतले आणि जिना उतरले. काका खिडक्या लावत होते. तेव्हा उत्तरा परत वर आली. तिने खडू घेतला आणि माझ्या उजव्या बाजूला, गाठीपाशी, आपले नाव लिहिले. नावापुढे तो आकडा लिहिला. खडू अडला, टक् झाले, ती थांबली नाही. भोवती चौकट आखली आणि खाली लिहिले, ‘पुसू नये’.

काकांनी मान फिरवली. “मला ते वाचायचं नाय, पोरी.”

“वाचा काका. नुसता आकडा आहे.”

काकांनी वाचले.

“आता पुसा,” ती म्हणाली.

काकांनी बादलीत फडके भिजवले, पिळले आणि माझ्याजवळ आले. त्यांचा हात चौकटीच्या कडेशी थांबला. “चौकट बी पुसू?”

“चौकट पण.”

काकांनी पुसले. पूर्वी शाळेत पुसत तसे, वरून खाली, घाई न करता. एकदा पुसून त्यांचे समाधान झाले नाही. पाणी बदलून पुन्हा पुसले. ओला फळा वाळताना जुनी अक्षरे पुसटशी वर येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून ती दोघे मी वाळेपर्यंत थांबली. काहीच वर आले नाही. तिने गाठीवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाली, “ह्याची ठेच अजून तशीच आहे.” आणि ती गेली.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्यासारखे जुने फळे, पाट्या, बाके कोठे पडलेले दिसले तर त्यांना एकदा ओल्या फडक्याने पुसा. पण त्याआधी दुसरे एक करा. तुमच्या वर्गात कोणाच्या अंगाविषयी, वजनाविषयी कोणी काही लिहिले किंवा बोलले, तर ‘मोठ्यांनी सांगितलं आहे, पुसू नये’ म्हणून कडेकडेने फडके फिरवू नका. सरळ आत जा आणि पुसा. आणि जो डबा तुमच्याकडे रोज सरकवला जातो, तो खाण्याआधी देणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहा. तुमच्यातच कोणाला खाण्याची अशी भीती वाटत असेल, तर घरी किंवा शाळेत ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे त्याला सांगा. सांगितले की वाट निघते, हे मी ह्या हॉलमध्ये पाहिले आहे.

गट संपून आता दीड महिना झाला. पुढचा गट पावसाळ्यानंतर. हॉलला कुलूप आहे, खिडकीत कबुतरे आहेत. तो आकडा आता कोणाच्याच कामाचा नाही, तो एकट्या माझ्याजवळ राहिला तरी चालेल. त्या दिवशी काकांनी मला सगळा पुसला, फक्त डावा कोपरा राहून गेला. विसरून राहिला की मुद्दाम ठेवला, त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी पाचच्या सुमाराला खिडकीतून थोडे ऊन येते तेव्हा तो कोपरा मला दिसतो. तिथे त्यांच्या वाकड्या अक्षरात अजून लिहिलेले आहे: पट सहा, हजर सहा.